टाचणीकाकूंनी न पाहिलेला सिनेमा

आमच्या गल्लीत एके काळी एक गोष्ट कुजबुजली जायची. कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानातल्या काकू लग्नाआधी म्हणे सिनेमात होत्या. ऐऱ्यागैऱ्या सिनेमात नव्हे, दीपस्तंभाच्या सिनेमात! धक्क्यावरच्या गर्दीत डावीकडून तिसरी, छत्री घेतलेली बाई दिसते ना, त्या म्हणजे काकू. तिथेच कुणीतरी त्यांचं मन मोडलं. म्हणून तर त्या सगळं सोडून इथे आल्या, आणि म्हणून तर त्यांनी पुन्हा कधी सिनेमाच्या पडद्याकडे पाहिलं नाही.

कुजबुजली जायची, असं मी आपलं सभ्यपणाने म्हणतो. आमच्याकडे कुजबुज म्हणजे समोरच्या फुटपाथवरच्या माणसाला कान टवकारायचे कष्ट पडू नयेत, इतपत आवाज.

ज्यांचा जन्म नंतरचा, त्यांच्यासाठी सांगतो. दीपस्तंभाचा सिनेमा म्हणजे आमच्या तरुणपणी साथीसारखा पसरलेला सिनेमा. नवरा बोटीवर गेलेला, बायको दीपस्तंभाच्या पायथ्याशी एका खोलीत राहते. रोज संध्याकाळी लांब कोट घालून, एक हात खिशात खुपसून ती धक्क्यावर येते, बोटींकडे बघते, परत जाते. झाली गोष्ट. नवरा शेवटी येतो की नाही ते सांगत नाही, अजून कुणी पाहायचं राहिलं असेल. काळापांढरा सिनेमा, पण लोक त्याच्यापायी वेडे झाले. आमच्या गल्लीसमोरच्या थिएटरात तो लागला तो हलेचना. आणि एकदाचा हलला तरी दरवर्षी परत यायचा, माहेरी येणाऱ्या लेकीसारखा.

अशा सिनेमात आपल्या गल्लीतली बाई! मग काय विचारता. माणसं तिकिटं काढून त्या छत्रीवालीला बघायला गेली. ती पडद्यावर येते किती वेळ, तर तुम्हाला त्याच क्षणी शिंक आली तर हुकेल, एवढा वेळ. त्यातून पाठमोरी. पण गल्ली कसली हार मानते! गल्लीने तिची मान ओळखली. आमचा न्हावी म्हणाला, "मी दिवसभर मानाच बघतो. ती मान काकूंचीच." आता न्हाव्याने बायकांच्या माना कधी पाहिल्या, हे त्याच्या बायकोनेही विचारलं नाही.

या सगळ्याचा उगम होता थिएटरचा टॉर्चवाला. अंधारात लोकांना खुर्ची दाखवायचं त्याचं काम, आणि उजेडात लोकांची लफडी दाखवायचा त्याचा छंद. त्याने सांगितलेली हकीकत अशी. दीपस्तंभाचा सिनेमा नवाकोरा लागला होता. काकू तेव्हा काकू नव्हत्या, परगावाहून नुकत्याच आलेल्या, मावशीकडे राहणाऱ्या एक मुलगी होत्या. लग्न ठरलं होतं आमच्या चष्मेवाल्याशी. भिंगं घासणारा हा शांत माणूस मोठ्या हौसेने भावी बायकोला घेऊन सिनेमाला आला. "अर्धा तासही झाला नसेल," टॉर्चवाला सांगायचा. "पडद्यावर धक्का आला, बोटी आल्या, गर्दी आली. आणि ही मुलगी ताडकन उठली! तोंडावर रुमाल, डोळ्यांत पाणी, आणि धावत सुटली ती थेट मागच्या बोळात. मागून चष्मेवाला, दोघांच्या छत्र्या सांभाळत."

टॉर्चवाल्याने एवढंच सांगितलं होतं. 'तिने पडद्यावर स्वतःलाच पाहिलं असणार' हे वाक्य त्याचं नव्हे. ते पुढच्या तोंडाने लावलं. 'मन मोडलं' हे त्याच्या पुढच्या. गोष्ट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर तिला हातपाय, नाकडोळे आणि छत्री, सगळं फुटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, काकूंना सरळ विचारलं का नाही कुणी? अहो, विचारलं की! पण त्यांना विचारण्यात एक अडचण होती. काकूंच्या तोंडात सदैव टाचण्या. शिवणाऱ्या बायका धरतात तशा, ओठांच्या फटीत ओळीने. सकाळी दुकान उघडताना त्या टाचण्या तोंडात जायच्या आणि जेवायला तेवढ्या बाहेर यायच्या. पाठीमागे आम्ही त्यांना टाचणीकाकूच म्हणायचो. इतर माणसं मूग गिळून गप्प बसतात, काकू टाचण्या धरून बसायच्या. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं: "हं."

या एका 'हं'वर त्यांचं दुकान चालायचं. 'कपडा उद्या मिळेल', 'कपडा उद्या मिळणार नाही', 'तुमची कंबर वाढली आहे', 'वाढलेली नाही, तुम्ही पोट आत ओढा', सगळ्याला हं. ज्याला जे हवं ते त्याने त्यातून घ्यावं. तेव्हा कुणीतरी धीर करून विचारलं, "काकू, तुम्ही म्हणे त्या दीपस्तंभाच्या सिनेमात होतात?"

"हं," काकू म्हणाल्या आणि गुडघ्यावर बसून झालर टाचायला लागल्या.

झालं! आणखी पुरावा कशाला हवा?

वास्तविक काकूंनी एकही सिनेमा पुरा पाहिलेला नव्हता. समोर थिएटर, मधे फक्त रस्ता. त्यांच्या शिलाई मशीनवर बसलं की थेट पोस्टर दिसायचं. पण त्या एका खेपेनंतर रस्ता ओलांडून त्या कधी गेल्या नाहीत. साऱ्या जगाने पाहिलेले, ज्यांच्यावर लोकांची लग्नं जुळली आणि मोडली असे सिनेमे काकूंच्या नाकासमोरून येऊन गेले. त्यांच्या लेखी राणीचा तो प्रचंड सिनेमा म्हणजे 'फुग्याच्या बाह्यांचा'. ज्यात शेवटी सगळे मरतात तो 'काळ्या लेसचा'. ज्याला लोक पाच पाच वेळा गेले तो वैमानिकाचा सिनेमा म्हणजे 'कॉलर उभी ठेवा म्हणणाऱ्या पोरांचा'. कारण सिनेमा सुटला की बायाबापड्या सरळ रस्ता ओलांडून काकूंकडे यायच्या. डोळे अजून भिजलेले आणि हात मात्र हवेत गळ्याचा आकार काढणारे: "काकू, अस्साच हवा! मागून असा, आणि इथून असा असा..."

चष्मेवाले काका प्रत्येक सिनेमा पहिल्या दिवशी बघून यायचे. घरी आले की काकू टाचण्या काढून, म्हणजे बघा किती महत्त्वाचं काम, विचारायच्या, "काय घातलं होतं तिने?"

"कपडे," काका म्हणायचे.

"अहो, कसले?"

"चांगले होते."

दुसऱ्याच्या नजरेचा नंबर काढण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाची ही नजर! तेव्हा काकूंची सगळी भिस्त गिऱ्हाइकांच्या सांगण्यावर. एकीने पुढून पाहिलेलं, एकीने मागून, एकीने रडता रडता. त्यातून काकू जो कपडा उभा करायच्या तो सिनेमातल्यासारखा असेलच असं नाही, पण अंगावर असा बसायचा की सिनेमातलाच चुकला असं वाटावं.

दीपस्तंभाच्या कोटाचं हेच झालं.

तो कोट सगळ्यात आधी मागितला दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने. आम्ही त्यांना दातवाल्या बाई म्हणायचो. हसल्या की नवऱ्याची जाहिरात, न हसल्या तर स्वतःची. तालेवार बाई. सगळ्यांच्या आधी सगळं आपल्याकडे हवं. त्या दुकानात आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काकू, सगळ्यांना सांगून मी मोकळी झालेय की कोट शिवावा तर तुम्हीच. बाकीच्यांनी तो पडद्यावर पाहिला. तुम्ही प्रत्यक्षात पाहिलेला."

"हं," काकू म्हणाल्या.

"मग मला एकच सांगा. सिनेमात सगळं मेलं काळंपांढरं. खरा रंग कोणता हो होता त्या कोटाचा?"

काकूंचा हात त्या वेळी एका कापडाच्या गठ्ठ्यावर होता. शाळेच्या रंगमंचाचे पडदे शिवायला आलेलं जाड हिरवं कापड. पडदे शिवून झाले होते आणि बरंच कापड उरलं होतं, इतकं की त्याचं करायचं काय याच विचारात काकू होत्या. दातवाल्या बाईंनी हाताकडे पाहिलं. काकूंनीही हाताकडे पाहिलं.

"हिरवा?" बाई कुजबुजल्या.

"हं."

तर असा तो कोट हिरवा झाला. खिसा एकच, उजवीकडे. कारण दातवाल्या बाईंना एकच आठवत होता. महिनाभरात गल्लीतल्या निम्म्या बायका शाळेच्या पडद्यासारख्या हिरव्यागार, उजवा हात खिशात घालून फिरायला लागल्या. डाव्या हाताचं काय करायचं, हे कुणालाच समजेना. गंमत पुढे आहे. पुढच्या वर्षी सिनेमा परत लागला तेव्हा लोक बघून आले आणि शपथेवर सांगायला लागले की कोट हिरवाच आहे. काळ्यापांढऱ्या पडद्यावर! मला विचाराल तर मलाही तो हिरवाच आठवतो. आता बोला.

या हिरव्या बायकांच्या पायांत घुटमळत काकूंची लेक वाढली. दुकानात जमिनीवर बसून चिंध्या जोडत असायची म्हणून तिचं लाडाचं नाव चिंधी. पोरगी बोलकी, कुठून हे देवाला ठाऊक. बाप बोलायचा नाही, आईला बोलता यायचं नाही. शाळेत तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "माझी आई दीपस्तंभाच्या सिनेमात आहे. डावीकडून तिसरी." एकदा तिने आईलाही विचारलं म्हणतात, "आई, होतीस ना गं तू?" काकू झालर टाचत होत्या. "हं," म्हणाल्या. पोरगी उड्या मारत बाहेर गेली.

हीच पोरगी मोठी होऊन सिनेमाचे कपडे शिवायला गेली. दूरच्या मोठ्या शहरात. जायच्या आदल्या दिवशी दुकानात उभी राहिली. "आई, जाऊ ना मी?"

"हं."

"तुला चालेल ना?"

"हं."

चिंधी थोडा वेळ थांबली, आईच्या ओठांकडे बघत. टाचण्या काही निघाल्या नाहीत. सकाळी ती गेली.

तिने कपडे केलेले सिनेमे मग एकेक करून आमच्याकडे लागायला लागले. सगळी गल्ली जायची. पडद्यावर शेवटी नावं पळतात ना, ती वाचेपर्यंत आम्ही थांबायचो, आणि चिंधीचं नाव आलं की टाळ्या. लोक कंटाळून निघालेले असायचे ते दचकून परत बसायचे. काका कोट घालून, भांग पाडून जायचे. काकू नाहीत. "आईने पाहिला?" लेक फोनवर विचारायची. "कामात होती गं," काका म्हणायचे. पहिल्यांदा चाललं, दुसऱ्यांदा चाललं. मग लेकीने विचारायचं सोडलं. आणि जी विचारायचं सोडते तिच्या मनात काय शिजतं ते सांगायला नको. तिची खात्री झाली होती की आईला सिनेमाचा तिटकारा, आणि त्या तिटकाऱ्यात आता आपणही आलो. गावी येणं कमी झालं. आली तरी दुकानात बसायची नाही.

अशात बातमी आली: दीपस्तंभाचा सिनेमा पुन्हा नव्याने काढलाय. रंगीत. आणि नायिकेच्या कपड्यांचं सगळं काम चिंधीकडे.

सिनेमा आमच्याकडे लागला त्या आठवड्यात तिने बापाला फोन केला. काकांनी तो मला सांगितला तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि ते तो खिशात शोधत होते, एवढे घाबरले होते. "रविवारी येते म्हणाली. दुपारच्या खेळाला आईबरोबर बसणार म्हणाली. आणि म्हणाली, बाबा, या खेपेला आई आली नाही ना, तर मी समजेन तिला माझं तोंड बघायचं नाही. मग मीही येणार नाही पुन्हा."

"मग? काकू काय म्हणाल्या?"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं मलाच हसू आलं. काकू काय म्हणणार?

रविवारी सकाळी मी काकूंच्या दुकानात स्टुलावर उभा होतो. विजार आखूड करायची होती. अगदी त्याच सकाळी करायची होती का, असलं विचारू नका. काकू खाली बसून माझी मोहरी टाचत होत्या, तेवढ्यात चिंधी आत आली. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, तीनचा खेळ आहे."

"हं."

"तुझं तिकीट काढलंय."

"हं."

"हं म्हणजे येतेस, की हं म्हणजे नाही?"

"हं."

"टाचण्या काढ आधी तोंडातल्या!"

माझ्या एका पायाची मोहरी टाचलेली, एक लोंबती. उतरता येईना, पळता येईना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी एकाग्र झालो.

"सगळ्या गल्लीने माझे सिनेमे पाहिले," चिंधी म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "न्हाव्याने पाहिले. दातवाल्या बाईंनी कवळी लावून येऊन पाहिले. हे स्टुलावर चढलेत ते काकासुद्धा प्रत्येक सिनेमाला दोनदा गेले."

मी विजार हलणार नाही इतपत मान हलवली.

"आणि तुला नुसता रस्ता ओलांडायचाय. त्या सिनेमावाल्यांनी तुला काय त्रास दिला मला माहीत नाही. तू कधी सांगितलं नाहीस. पण तो त्यांनी दिला ना? मी काय केलं गं तुझं?"

काकूंनी एक टाचणी ओठांतून काढली आणि मनगटावरच्या उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. इतक्या वर्षांत त्यांचं तोंड दुकानात मोकळं झालेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. बघवेना हो. चष्मा काढलेल्या माणसाचा चेहरा कसा उघडा वाटतो, तसं.

"येते," काकू म्हणाल्या. "पण खुर्ची कडेची घे. दाराजवळची."

"अगं, मधली काढलीय, तिथून छान..."

"कडेची."

मग टाचण्या परत तोंडात गेल्या, आणि पुढची टाचणी माझ्या घोट्यात गेली. मी ओरडलो नाही. प्रसंगच तसा होता.

तीनच्या खेळाला सगळी गल्ली. सिनेमा बघायला नव्हे, काकू बघायला. आणि काकू आल्या त्या कशा? डोळ्यांवर हे एवढे काळ्या भिंगांचे गॉगल! काकांनी खास घासून दिलेले. "बघा, बघा," दातवाल्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "शेवटी नटी ती नटीच."

थिएटरचा टॉर्चवाला आता म्हातारा झालेला, टॉर्चपेक्षा हात जास्त थरथरणारा. पण त्याने स्वतः उठून काकूंना खुर्ची दाखवली. कडेची, दाराजवळची. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला, मधल्या वाटेत स्टूल टाकून चिंधी. मी मागच्या रांगेत. ती जागा मिळवण्यासाठी मी न्हाव्याला माझी खुर्ची दिली आणि वर चहा कबूल केला. तेव्हा पुढचं सगळं मी कानांनी ऐकलेलं आहे.

दिवे गेले. समुद्र सुरू झाला. काका काकूंच्या कानाशी लागले: "आता नुसतं पाणी आहे. उघडू नकोस. आता दीपस्तंभ. आता ती जिना उतरतेय. उघडू नकोस."

चिंधीने वाकून आईच्या गॉगलच्या कडेने आत पाहिलं. "आई! झोपलीस?"

"नाही."

"मग डोळे मिटून काय बसलीस?"

"कोट आला की सांग."

पोरीने श्वास असा घेतला की मला वाटलं आता उठून जाते. उठलीच होती अर्धी. तेवढ्यात काका म्हणाले, "आला."

काकूंनी गॉगल काढला आणि डोळे उघडले.

समोर सबंध पडदाभर हिरवा कोट. तोच तो, शाळेच्या पडद्याचा हिरवा. उजवीकडे एक खिसा. वारा सुटलेला, कोटाची घडी उलगडत होती, मिटत होती, आणि नायिका धक्क्यावरून बोटीकडे चालत निघालेली. थिएटरात कुणीतरी हुंकार भरला. दातवाल्या बाईंनी नकळत उजवा हात खिशात घातला. काका कुजबुजले, "मीट आता. बोटी आल्या. अगं, मीट!" पण काकूंनी डोळे मिटले नाहीत. कोट जिथे जाईल तिथे त्या मान वळवत राहिल्या. धक्का हलला, बोटी हलल्या, सगळा पडदा वरखाली व्हायला लागला, तरी त्या बघतच राहिल्या. शेजारी चिंधी पडद्याकडे नाही, आईकडे बघत बसलेली.

आणि मग काकू ताडकन उठल्या. तोंडावर रुमाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि दार उघडून धावत बाहेर! मागून चिंधी. त्यांच्या मागून काका, गॉगल, पर्स आणि दोघींच्या छत्र्या सांभाळत.

"रडली!" दातवाल्या बाई उभ्याच राहिल्या. "जखम अजून ओली आहे हो!"

दाराशी टॉर्चवाला विजयी चेहऱ्याने उभा होता. "मी सांगत नव्हतो?" तो प्रत्येकाला म्हणत होता. "मी तेव्हापासून सांगत नव्हतो?" पुढचा सिनेमा कुणी धड पाहिला नाही. नवरा परत येतो की नाही, ते मी तुम्हाला सांगत नाही असं मघाशी म्हणालो. नव्या सिनेमातलं खरं तर मलाच माहीत नाही.

आता बाहेर काय झालं ते. हे मी ऐकलेलं नाही. बायकांच्या मोरीत माझं काय काम? हे मला काकूंनी पुढे स्वतः सांगितलं, टाचण्या काढून, आणि चिंधीने मधे मधे नक्कल करून दाखवत.

काकू बेसिनवर वाकलेल्या. चिंधीने मागून त्यांचं कपाळ धरलेलं. "आई, काय होतंय? बरं नाही का तुला?"

"सरक मागे. झग्यावर उडेल."

सगळं उडून झालं. काकूंनी चूळ भरली. चिंधी पदार्थविज्ञानाचा शोध लागल्यासारखी बघत होती. "म्हणजे... तेव्हासुद्धा? बाबांबरोबर आली होतीस तेव्हा?"

"तेव्हासुद्धा हेच. बोटी हलत होत्या ना."

"मग तू सिनेमात नव्हतीस?"

"मी कशाला असेन? मी मावशीकडे काजं करायला शिकत होते."

"पण मी विचारलं तर तू हं म्हणालीस!"

"तोंडात टाचण्या होत्या."

"आई! आणि कोट? मी त्या सगळ्या मोठ्या लोकांसमोर छातीठोकपणे सांगितलं की मूळ कोट हिरवा होता! माझी आई तिथे होती म्हणून सांगितलं! कुणाची हिंमत झाली नाही नाही म्हणायची. हिरवा कुठून आला गं?"

"शाळेच्या पडद्याचं कापड उरलं होतं."

चिंधी पालथ्या बादलीवर बसली. आधी ती हसते की रडते ते काकूंना कळेना. मग कळलं. दोघी इतक्या हसल्या की बाहेर काका दार वाजवायला लागले.

"सांगितलं का नाहीस?" चिंधीने नाक पुसत विचारलं. "इतकी वर्षं मला वाटलं, तुला माझं कामच नको वाटतं."

"आधी दुकानासाठी नाही सांगितलं," काकू म्हणाल्या. "सिनेमाचे कपडे शिवते आणि सिनेमा पाहिला की ओकते, असं कळलं असतं तर दातवाल्या बाई आल्या असत्या का माझ्याकडे? आणि मग तू शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलंस, माझी आई त्यात आहे म्हणून. उड्या मारत सांगत होतीस. तू गेलीस त्या दिवशी सांगणार होते. पण तू त्याच जोरावर निघाली होतीस. तुझ्या पायाखालची फळी मी कुठे काढू?"

चिंधीने स्वतःच्या झग्याच्या टोकाने आईचं तोंड पुसलं. तो झगा चांगला होता म्हणतात, पण काकूंनी पुसू दिलं.

"खिसा एकच ठेवलास ते बरं केलंस," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. "बाही मात्र अर्धा बोट आखूड झालीय."

"आई!"

"झालीय. मी पाहिलं ना."

तेव्हापासून चिंधीचा नवा सिनेमा लागला की ती आधी येते. दुकानात खाली बसून तो सगळा तोंडाने सांगते. कोण कुठून आलं, कशात आलं, कुणी काय घालून कुणाला सोडलं. सोबत कपड्यांचे फोटो आणते. ते हलत नाहीत. काकू ऐकतात आणि हं म्हणतात. तो 'हं' आता चिंधीला वाचता येतो. आम्हाला अजून येत नाही. थिएटरचं काकूंनी पुन्हा नाव काढलं नाही, आणि आता कुणी रागावतही नाही.

गल्ली अजून सांगते की त्या दिवशी काकूंना पडद्यावर जुनं सगळं दिसलं आणि त्या रडत बाहेर पळाल्या. काकूंनी मला हे लिहायला परवानगी दिली आहे, कारण त्यांच्या मते त्यांचं दुकान आता गोष्टीवर चालत नाही. तेव्हा सांगतो. काकू कधीच कुठल्याही सिनेमात नव्हत्या. त्यांचं मन कुणी मोडलं नव्हतं. हलती चित्रं पाहिली की त्यांना उलटी होते.